डायनामोचे दिवे

श्यामसुंदर निमकर हवाई दलातून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झाले आणि झिरकपूरच्या फ्लॅटमध्ये बायकोच्या चुका मोजत बसले. एकदा शशिकलाबाईंनी आपल्या सायकलच्या चाकातल्या डायनामोला दोन एलईडी थेट जोडले आणि चाक जोरात फिरवलं. दिवे लखकन पेटले आणि जळून गेले.

“डायनामोचा करंट उलटसुलट वाहतो. एलईडीला तो एकाच दिशेने लागतो. मध्ये तसा वळवणारा रेक्टिफायर लागतो,” खुर्चीतून ते म्हणाले.

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“तुझी फजिती बघायची होती.”

शशिकलाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी रेक्टिफायर आणून नवे एलईडी जोडले. ते नीट पेटले. संध्याकाळी कॅरियरला कपड्यांची पिशवी बांधून त्या मोहालीला लेकीकडे निघून गेल्या. महिना झाला, निमकर रोज फोन करतात. त्या उचलत नाहीत.