व्याह्यांची रविवारची जागा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मी सुरू झालो की मध्ये थांबवायचं नाही. माझ्याइतकी शोभा लंडनच्या हॅरोतल्या एकाही मराठी माणसाने करून घेतली नसेल.

आमची केतकी एकुलती एक, इथेच जन्मलेली. तिचं टॉमशी जमलं होतं आणि टॉमचे वडील, ग्रॅहम, आम्हाला पहिल्यांदाच भेटणार होते. कुठे? ब्रिस्टलजवळ, ते दर रविवारी जातात त्या जागी.

गाडीत केतकी म्हणाली, "बाबा, ग्रॅहमचा जीव आहे तिथे. प्लीज रिस्पेक्ट दाखव. तू काही वेडंवाकडं केलंस तर माझं लग्न कॅन्सल."

आम्हाला दारात उतरवून ती गाडी पार्क करायला गेली. समोर व्हिक्टोरिया राणीच्या काळातली लाल विटांची इमारत, टोकदार कमानी, रंगीत काचा, उंच मनोरा. आणि दर रविवारी जातात म्हणजे चर्चच ना? पाटी वाचायचं भान कुणाला होतं.

ग्रॅहम हसत पुढे आले. मी दारातच बूट काढले. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, जरा थबकले आणि मुकाट्याने आपलेही काढले.

बायको कुजबुजली, "अहो, चर्चमध्ये बूट काढत नाहीत."

"गप्प बस. देव तो देव."

आत लोखंडी खांबांवर पानाफुलांची नक्षी, आणि मधोमध भलंमोठं, पितळ चकाकणारं यंत्र. क्रूस काही दिसेना. म्हटलं, यांचा पंथ वेगळा असेल, विचारून घोळ कशाला घाला? सरळ हात जोडले, यंत्राला डोकं टेकवलं, वर प्रदक्षिणाही घातली. ग्रॅहम नुसत्या मोज्यांवर माझ्या मागून.

तेवढ्यात केतकी आत आली ती जागीच थिजली.

"बाबा, काय करतोयस? हे सूएज पंपिंग स्टेशन आहे!"

गावभरचं सांडपाणी उपसायचं यंत्र हो ते. आता म्युझियम झालंय, आणि ग्रॅहम रविवारी येऊन त्याला तेल घालतात, पुसतात.

घालवलंस पोरीचं लग्न, मी मनात स्वतःला म्हटलं.

मग ग्रॅहमनी माझे दोन्ही हात धरले. डोळे भरले होते त्यांचे. म्हणाले, "लोक इथे नाक धरून येतात. एवढा मान कुणीच दिला नव्हता. तुम्हाला जागा इतकी आवडलीय, तर लग्न इथेच करू या."

नाही म्हणायला तोंड होतं का मला? बुकिंग झालंसुद्धा. आणि आमची ही पुण्याला फोन करकरून सगळ्यांना सांगतेय, "जागा ह्यांनीच पसंत केली, पाया पडून."