चौकटीतला पाडा

मी जन्मभर कागदावर नकाशे काढले. निवृत्तीनंतर नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका छोट्या कंपनीने मला वेबवरच्या नकाशांच्या कामाला घेतलं. तिथे सगळे मला काका म्हणत. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरून आलेली मुलगी तेवढी सर म्हणायची.

काम टँकरचं होतं. उन्हाळ्यात पाणी हवं असेल त्यांनी मोबाइलवर नकाशा उघडायचा, आपल्या पाड्यावर बोट ठेवायचं, की मागणी टँकरच्या ठेकेदाराकडे जायची. ठेकेदाराची अट एकच, नकाशा सरकवावा लागू नये. नाशिक आणि आसपासचं मोठं दाखवलं की सुरगाण्याकडचे पाडे वर पडद्याबाहेर जात. मी ते उचलले आणि डावीकडे खाली, कोपऱ्यात, एका चौकटीत बसवले. भारताच्या नकाशात अंदमान बसवतात तसे.

कागदावर हे कितीदा तरी केलं होतं. तुकडा कापायचा, कोपऱ्यात चिकटवायचा, भोवती रेघ मारायची. इथे चौकटीसाठी वेगळा छोटा नकाशा जोडायला हवा होता. मी पाड्यांचे अक्षांश-रेखांशच बदलून त्यांना खाली ओढलं. दिसायला काहीच फरक नव्हता.

"बघ, तुझ्या गावाचं अंदमान केलं," मी तिला म्हणालो. सगळे हसले. तेव्हापासून तिचं नावच अंदमान पडलं. "अंदमान आली का?" "तिचा चहा राहू दे, तो बोटीने येतो." बहुतेक विनोद माझे असत.

ऐन एप्रिलात ती माझ्या टेबलाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "सर, आमच्या पाड्यावर बोट ठेवलं की मागणी इगतपुरीची म्हणून जाते. चौकटीखाली खरी जागा तिथलीच आहे ना. ठेकेदाराचा माणूस आमच्या लोकांना म्हणतो, इगतपुरीला धरणाच्या काठावर बसून टँकर मागता, लाज नाय वाटत?"

पहिल्या वाक्यातच मला चूक कळली होती. पण ठेकेदार त्याच आठवड्यात नकाशाची वाहवा करून गेला होता.

"तुमच्या लोकांना आधी बोट ठेवायला शिकव," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो.

टँकर गेला नाही. तिची आई आटलेल्या विहिरीत उतरली, तळाचं पाणी वाटीने भरलं आणि वर येताना दगडावरून घसरून पडली. कंबर मोडली. तेव्हापासून ती बाजेवर आहे.

हे कानावर गेल्यावर कंपनीच्या मालकाने विचारलं, सुरगाण्याचे पाडे कोणी बसवले? पाड्यांची नावं त्या मुलीने टाइप केली होती. "ते तिच्याकडे होतं," मी म्हणालो. ती समोरच उभी होती. मी पुढे काही बोलेन म्हणून माझ्याकडे बघत राहिली. मी चष्मा पुसत बसलो. तिला त्याच दिवशी काढलं. चूक मी एका दुपारीत दुरुस्त केली, आणि मालकाने माझं कौतुक केलं.

ऑफिसात तो शब्द अजून आहे. नकाशावर एखादं गाव भलतीकडे पडलं की पोरं म्हणतात, "अंदमान झालं." नुकतंच मी काम सोडलं, तेव्हा निरोपाच्या चहाला सगळं सांगून टाकलं. मग एक जण म्हणाला, "मग आता काय, 'काका झालं' म्हणायचं का?" सगळे हसले. मीही हसलो.

घरी येऊन तिला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मला ठाऊकच आहे, सर. पण पाड्यावर सगळे म्हणतात, पोरीने शिकून गाव हरवलं. आईपण तेच म्हणते. तिला कूस वळवायला मीच लागते, आणि वळता वळता तेच म्हणते. मी सांगून तिला पटत नाही. तुम्ही येऊन सांगा."

"येतो," मी म्हणालो.

वणीवरून सुरगाण्याला एसटी आहे. मी तिला आधी गुडघ्यांचं कारण दिलं, मग घाटातल्या रस्त्याचं, मग पावसाचं. परवा तिचा फोन आला तो मी उचलला नाही. हे सगळं लिहून पाठवावं असं ठरवलं होतं. पण तिच्या आईला वाचता येत नाही.