अख्खं शिवार पडद्यावर

त्या पोरीला मी एकदाच भेटलो. तिचा मला हेवा वाटला होता, हे आज पहिल्यांदाच कबूल करतोय.

हिंगोलीत एका खासगी मोजणी कार्यालयात मी नकाशे काढतो. पुसेगावच्या शिवाराचा ड्रोनने काढलेला मोठा फोटो नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला, की मेमरी भरायची आणि सगळं बंद पडायचं. आठवडाभर मी कॉम्प्युटर नुसता बंद-चालू करत होतो.

ती तांड्यावरून नोकरीची चौकशी करायला आलेली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत तिनं पडद्यावरचा बिघाडाचा मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मी तो कधी वाचलाच नव्हता.

"काका, पडदा एवढासा, अन् तुमी अख्खं शिवार त्यात काहून कोंबून राहिले? मूळ फोटो राहू द्या. दाखवायपुरता दहातला एकच ठिपका घ्या."

तिनं प्रोग्राममधली एक ओळ बदलली. शिवार उघडलं, बांध न् बांध दिसला. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. तिच्या हुशारीपेक्षा तिचा सहजपणा मला सोसला नाही.

साहेब दारातून डोकावले. "वा! कोणी केलं?"

"मीच."

ते गेल्यावर ती हसली. "राहू द्या काका, काम तुमचंच व्हतं. जागेचं तेवढं सांगा."

जागा रिकामी होती. साहेब असंच माणूस शोधत होते.

"न्हाई," मी म्हणालो, "भरली."

तिनं मान हलवली आणि उठता उठता माझी फाईल सेव्ह करून दिली.