शुक्रवारचा डबा

आमच्या शाळेत शुक्रवारी कोणी स्वतःचा डबा खायचा नाही, असा नियम होता.

मधल्या सुट्टीची घंटा झाली की वर्गातली सगळी पोरं आपापला डबा व्हरांड्यातल्या लांब बाकावर नेऊन ठेवायची. मग हात जोडून, डोळे मिटून प्रार्थना. मग हजेरीतल्या शेवटच्या नंबरापासून एकेकानं उठायचं आणि हाताला येईल तो डबा उचलायचा. ज्याचा मिळाला त्याचा. नाक मुरडायचं नाही, घास टाकायचा नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्या पोराला सांगायचं, तुझ्या आईच्या हाताला चव आहे. चव नसली तरी सांगायचं. एवढं खोटं देव चालवून घेतो, असं आमच्या सिस्टर म्हणायच्या.

बाकी खोटं मात्र चालत नसे. शनिवारी सकाळची शाळा असायची आणि शेवटचा तास नीतीचा. त्या तासाला प्रत्येकानं उभं राहून आठवड्यात बोललेलं एक खोटं सांगायचं. सांगितलं की शिक्षा नाही. पोरं हुशार, लहान लहान खोटी राखून ठेवायची. पाटी हरवली नव्हती, फोडली होती. पोट दुखत नव्हतं. सिस्टर मान हलवायच्या आणि म्हणायच्या, शाबास, आता मन धुतलं.

शाळा गावाबाहेर, शेलूबाजारकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. दोन खोल्या, एक पत्र्याची शेड, मागे सिस्टर लोकांचं राहणं आणि त्यांचं स्वयंपाकघर. आमच्या सिस्टर दूर दक्षिणेकडून आलेल्या. मराठी पुस्तकातलं बोलायच्या, एकेक शब्द जपून. माझा बाप कचेरीत शिपाई. आमच्या लोकांनी दीक्षा घेतली तेव्हा तो तरणा होता, आणि त्या दिवसापासून तो कुणासमोर वाकून उभा राहिलेला मी तरी पाहिला नाही. सरकारी शाळेत मला पाणी वरून ओतून देत होते, एवढं कानावर आलं आणि त्यानं दुसऱ्याच दिवशी माझं नाव काढलं. मिशनच्या शाळेत गेला तर तिथं शुक्रवार होता. बाकावर पंचवीस डबे एकाला एक लागून ठेवलेले त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. घरी येऊन मायला म्हणाला, "तिथं सगळे एकमेकाचं खातात. पोरगी तिथंच शिकन."

मायला भीती वेगळीच होती. ती म्हणाली, "लेकराले किरिस्ताव करतीन बाप्पा." बाप हसला. त्यानं आधीच विचारून घेतलं होतं, आणि सिस्टरनी सांगितलं होतं की आम्ही धर्म घेत नाही, माणूस घडवतो. हे वाक्य बापाला इतकं आवडलं की वर्षभर तो ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होता.

आमच्या लोकांपैकी त्या वर्गात मी एकटीच. पण पहिले काही शुक्रवार हे माझ्या लक्षातसुद्धा राहिलं नाही, इतकं ते चांगलं होतं. मी कुणाकुणाच्या घरची पोळी खाल्ली, कुणाचं लोणचं, एकदा तर साजूक तुपातला शिरा. आणि माझा डबा गेला जिनवाल्यांच्या नातीकडे. जिनवाले म्हणजे गावातले मोठे लोक, शंभर एकर जमीन, वर सरकी काढायचा कारखाना. नात माझ्याच बाकावर बसायची. मायनं त्या दिवशी अंबाडीची भाजी दिली होती, ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणाची फोडणी. त्या पोरीनं डबा बोटानं पुसून खाल्ला. डोळ्यांत पाणी, नाक लाल, तरी खातच होती. पुढच्या शुक्रवारी तिनं बाकावर माझाच डबा हेरून उचलला. आमचा डबा ओळखायला सोपा होता, पितळेचा, एका बाजूनं चेमटलेला.

मग ती घरी जाऊन बोलली असणार. लेकरू ते, काय खाल्लं ते सांगणारच. सोमवारी जिनवाल्यांची जीप शाळेत आली आणि आजोबा बराच वेळ सिस्टरच्या खोलीत बसले. आम्ही शेडमध्ये पाढे म्हणत होतो. त्या शेडवरचे पत्रे त्यांनीच दिले होते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

त्या शुक्रवारी प्रार्थना झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "आजपासून मी पण तुमच्यातला एक डबा खाणार." पोरं खूश. सिस्टर बाकापाशी गेल्या, सगळ्या डब्यांवरून नजर फिरवली आणि माझा पितळी डबा उचलला. मी तर हवेतच. माझ्यासाठी आतून एक ताटली आली, पांढरी, निळ्या काठाची. तिच्यात पावाचे दोन तुकडे, त्यावर साखर आणि एक केळं. सिस्टरनी माझा डबा घेतला म्हणून मला सिस्टरकडचं जेवण. मी पायरीवर बसून ते खाल्लं आणि बाकी पोरं माझ्याकडे बघत राहिली.

पुढच्या शुक्रवारी सिस्टरनी पुन्हा माझाच डबा उचलला. त्याच्या पुढच्याही. म्हणाल्या, "तुझ्या आईच्या हाताला चव आहे."

मी हे घरी सांगितलं तेव्हा माय चुलीपुढे बसली होती. ती भाकर थापता थापता थांबली. बापानं तीनदा विचारलं, "खुद्द सिस्टर? तुह्याच डब्यातलं?" त्या रात्री तो सगळ्या आळीत सांगून आला.

तेव्हापासून आमच्या घरात शुक्रवार हा सण झाला. माय गुरुवारीच काय करायचं ते ठरवायची. कधी जवसाची चटणी आणि तीळ लावलेली भाकर, कधी मेथीचे धपाटे, पैसा हाती असला की गुळाच्या पोळ्या. आमच्या ताटात कोरडी भाकर आणि मिरची असली तरी सिस्टरच्या डब्यात तेल दिसलंच पाहिजे. संध्याकाळी मी दारात पाय ठेवायच्या आत पहिला प्रश्न, "खाल्लं का व सिस्टरनं?" मी म्हणायची, "पुरं खाल्लं." आणि माय डबा उघडून बघायची. डबा लख्ख घासलेला यायचा. ती शेजारणीला दाखवायची, "पाय, सिस्टर लोक सोता घासून देतात. आपल्या घरचा डबा."

तिसरीचं सगळं वर्ष आणि चौथीची दिवाळी होईपर्यंत हे असं चाललं. मधे एकदा जिनवाल्यांच्या नातीनं मला विचारलं, "काहून व, तुही माय आता अंबाडी नाई करत?" मी तोऱ्यात सांगितलं, "करते. सिस्टरसाठी करते." मूर्ख कारटी होते मी. दीड वर्षात मी कुणाच्या घरची पोळी खाल्ली नव्हती आणि माझ्या घरची भाकर कुणी खाल्ली नव्हती, हे मला मोजताच आलं नाही. त्या निळ्या काठाच्या ताटलीत दुसरं कोणी जेवलेलं मी कधी पाहिलं नाही. मला वाटायचं, हा माझा मान आहे.

थंडीचे दिवस होते. शुक्रवारी मायनं डब्यात आठवणीनं एक लिंबाची फोड ठेवली होती आणि ती पिळून खा असं सिस्टरला सांगायचं, म्हणून बजावलं होतं. मी सांगायचं विसरले. आठवलं तेव्हा पोरं जेवत होती. मी ताटली पायरीवर ठेवून मागच्या स्वयंपाकघराकडे पळाले.

मागच्या अंगणात स्वयंपाकीणबाई बसल्या होत्या, आमच्याच गावच्या, म्हाताऱ्या. समोर दोन बकऱ्या बांधलेल्या. बाईंच्या हातात माझा डबा होता आणि त्या भाकर मोडून टोपलीत टाकत होत्या. लिंबाची फोड बाजूला पडलेली. मला बघून त्या दचकल्या नाहीत की काही नाही.

"काय पाहून राह्यली?" त्या म्हणाल्या. "दर शुक्करवारी असंच राह्यते."

मी विचारलं, "सिस्टर नाई खात?"

"त्यायले कुठं तिखट सोसते, माय. त्या भात खातात." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जिनवाल्यानं सांगतलं होतं, तुह्या डब्याले कोनाच्या लेकराचा हात नाई लागला पायजे. नाई तं पोरं काढून नेतो म्हने, सगळ्यायची. सिस्टरनं मंग असं केलं. तुले बी वाईट नाई वाटलं, त्यायचं बी झालं."

त्यांनी डबा राखेनं घासला, पाण्यानं विसळला, पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला.

मी परत पायरीवर येऊन बसले. पाव तसाच होता. तो मी खाल्ला, कारण घास टाकायचा नाही असा नियम होता. याची मला आजही लाज वाटते.

संध्याकाळी मायनं विचारलं, "लिंबू आवडलं का सिस्टरले?" मी म्हणाले, "आवडलं." दुसरं काय सांगणार होते? माय पहाटे उठून धपाटे थापायची ते काय बकऱ्यांसाठी, असं तिच्या तोंडावर सांगू?

दुसऱ्या दिवशी शनिवार. नीतीच्या तासाला माझा नंबर आला. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मी मायला खोटं सांगितलं की सिस्टरनी आमचा डबा खाल्ला." वर्गात कुणाला काही कळलं नाही. सिस्टरना कळलं. त्यांचा हात गळ्यातल्या क्रूसाकडे गेला आणि तिथंच राहिला. मी वाट बघत होते. शाबास म्हणतील, मन धुतलं म्हणतील, नाहीतर निदान रागावतील. त्या म्हणाल्या, "बस खाली. पुढचा नंबर."

पुढच्या शुक्रवारी त्यांनी पुन्हा माझाच डबा उचलला. तेव्हा मी सिस्टरना मनातून काढून टाकलं. जिनवाल्याचा मला इतका राग कधी आला नाही. तो काय आहे ते आमच्या आळीला आधीपासून ठाऊक होतं. त्यानं कधी म्हटलं नव्हतं की मी माणूस घडवतो. सिस्टरनी म्हटलं होतं, आणि माझ्या बापानं त्यावर विश्वास ठेवला होता. वय झालं की माणूस माफ करतो म्हणतात. मला नाही जमलं.

चौथीचा निकाल लागला त्या दिवशी माय शाळेत आली. पहिल्यांदाच. ठेवणीतलं लुगडं, केसांना तेल, आणि हातात तो पितळी डबा. मी पास झाले होते, शाळा संपली होती, आणि तिला सिस्टरला एकदा स्वतःच्या हातानं डबा द्यायचा होता. सिस्टर व्हरांड्यात उभ्या होत्या. मायनं त्यांना डोक्यापासून पायापर्यंत डोळे भरून पाहिलं.

"सिस्टरबाई, दोन साल तुमी माह्या हातचं खाल्लं. मले येक सांगा, तुमाले सगळ्यात जास्त काय आवडलं?"

सिस्टर हसल्या. "सगळंच, बाई. सगळंच चांगलं."

"सगळं कसं? येक सांगा ना. आज तेच आनलं का नाई, पायते."

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. दोन वर्षं आमच्या डब्यात काय होतं, त्यातलं एक नाव त्यांना ठाऊक नव्हतं. खोटं बोलायचं नाही हे मला ज्यांनी शिकवलं, त्या माझ्याकडे खोटं मागत होत्या. मायच्या तोंडावर इतका आनंद होता की मी ते देऊन टाकलं.

"अंबाडीची भाजी," मी म्हणाले. "बोटं चाटतात सिस्टर."

"हो," सिस्टर म्हणाल्या. "अंबाडी."

माय खुलली. डब्यात अंबाडीच होती. तिनं डबा पुढे केला आणि म्हणाली, "खा मंग. मी बसते." सिस्टर म्हणाल्या, आता काम आहे, आत ठेवते, नंतर निवांत खाते. त्यांनी हाक मारली, स्वयंपाकीणबाई आल्या आणि डबा घेऊन मागे गेल्या. आम्ही कडुलिंबाच्या झाडाखाली डब्याची वाट बघत बसलो. सिस्टर आमच्या डोळ्यांसमोर तिथंच उभ्या होत्या, दुसऱ्या पोरांना निकाल वाटत. जागच्या हलल्या नाहीत.

थोड्या वेळात स्वयंपाकीणबाईंनी डबा आणून दिला. लख्ख घासलेला.

मायनं झाकण काढलं. आत बघितलं. मग व्हरांड्यात उभ्या असलेल्या सिस्टरकडे बघितलं. मग माझ्याकडे. झाकण लावून ती उठली आणि चालायला लागली. मी मागून.

जिनवाल्यांच्या कारखान्यापर्यंत ती पुढेच चालत राहिली. मग चालता चालताच म्हणाली, "तुले कव्हापासून मालूम होतं?"

मी म्हणाले, "थंडीपासून."

"आन् मंग दर शुक्करवारी मले सांगत होती, पुरं खाल्लं म्हून."

मी म्हणाले, "तुले वाईट वाटलं असतं."

माय थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "त्या परक्या व्हत्या, बाई," ती म्हणाली. "तू तं माही व्हती."

बापाला तिनं काही सांगितलं नाही. मीही नाही. तो शेवटपर्यंत लोकांना सांगत राहिला की आमच्या घरचं खुद्द सिस्टर खायच्या. पुढे मी हायस्कुलात गेले, मग वाशीमला नोकरीला लागले, रोज डबा घेऊन जायची आणि घेऊन यायची. दारात पाय ठेवला की माय माझ्या हातातून डबा घ्यायची. मी म्हणायची, "खाल्लं, माय, पुरं खाल्लं." ती हो म्हणायची आणि झाकण काढून, नाकाशी नेऊन बघायची. मरेपर्यंत बघत होती.