पाचवा दगड

माझी शेवटची पोस्टिंग गडचिरोलीत होती, भामरागडच्या पुढे, तीस घरांच्या एका माडिया गावाजवळ. मी हवालदार, गाव वरोरा. घरापासून इतक्या जवळ नोकरीत पहिल्यांदाच आलो होतो. इथलं सगळं आपल्याला ठाऊक आहे, अशा तोऱ्यात होतो.

पोस्ट नवी होती. उत्तरेचा मोर्चा, म्हणजे पहाऱ्याच्या आडोशाची भिंत, संध्याकाळी सहाच्या आत उभा करायचा होता आणि वाळूची पोती संपली होती. गावाबाहेर मोहाच्या झाडांखाली कमरेएवढे सपाट दगड उभे होते. मी त्यातले पाच काढायला सांगितले.

माझ्या हाताखालचा नाईक देवाजी मडावी राजुऱ्याचा. गोंडी त्याच्या घरची भाषा. तो पुढे आला.

"साहेब, हे दगड नोका काढू. मेलेल्या माणसाइचे हायेत."

"मडावी, सहा वाजून राह्यले. नंतर पाहू."

त्याने दगडांना हात लावला नाही. मी तिकडे कानाडोळा केला. ट्रॅक्टरने दगड आले आणि मोर्चा वेळेत झाला.

सकाळी गावचा गायता, म्हणजे पुजारी, पोस्टवर आला. सत्तरी ओलांडलेला माणूस. आरडाओरडा नाही, काही नाही. मोर्च्यातल्या एका दगडावर हात ठेवून उभा राहिला. त्याचं बोलणं मडावीने सांगितलं.

"हे त्याची बायको हाये म्हणते. माणूस मेला का गाव त्याचा दगड उभा करते. मंग तो गावातच राह्यते. आता ते पाच जण कुठी जातीन, असं इचारून राह्यला."

मला मान वर करवेना. म्हणालो, "आजच ट्रॅक्टरनं पोचवतो म्हणा."

गायत्याने नकारार्थी मान हलवली. ज्यांनी नेले, त्यांनीच खांद्यावरून आणायचे, अशी गावाची रीत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सुरुवात केली. दगड दोराने दोन बल्ल्यांना, म्हणजे लांब लाकडी दांड्यांना, बांधायचा, पुढे दोघे, मागे दोघे. रायफली पाठीला. दगड काढणाऱ्यांपैकी एकाला ताप होता. त्याच्या जागी मडावी उभा राहिला.

"तू तं हात नाई लावला होता," मी म्हणालो.

"तुमच्यासंगं तं आहो ना, साहेब."

अंतर सहाशे मीटर. तेवढ्यासाठी मी कव्हरला दोघेच ठेवले. चार दगड पोचले. पाचवा गायत्याच्या बायकोचा होता. आठ चाळीसला नाल्याकडून नक्षल्यांचा फायर आला. मी पुढच्या जोडीत होतो, मडावी त्याच बल्लीला माझ्या मागे होता. बल्लीचं सगळं वजन एकदम माझ्या खांद्यावर आलं, तेव्हा मला कळलं.

"कंट्रोल, एक जवान गंभीर जखमी. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर."

"वीस मिनिटं. ओव्हर."

मडावीने विचारलं, "कोणाले लागली, साहेब?"

"कोणालेच नाई," मी म्हणालो.

वीस मिनिटं त्याला मिळाली नाहीत.

कागदावर गस्त असं लिहिलं गेलं. राजुऱ्याला त्याच्या आईसमोर मीच बसलो होतो. तिने एकच विचारलं, "हातात बंदूक होती ना त्याच्या?"

"होती, बाई," मी म्हणालो. तिला तेवढ्याने धीर आला. परत येताना बसमध्ये मी रडलो.

ती अजून आहे. दिवाळीला मी जातो, ती मला जेवू घालते आणि शेजारणीला सांगते, माझा देवाजी बंदूक हातात धरून गेला. मी खाली मान घालून जेवतो. बंदूक त्याच्या पाठीला होती. दोन्ही हात बल्लीला होते, आणि ती बल्ली माझ्यामुळे त्याच्या खांद्यावर होती.