कात्रीची हुज्जत

माझ्या भाचीला घरात सगळे कात्री म्हणतात. बायकांचे केस कापते म्हणून, असं ती परक्यांना सांगते. खरं कारण तिची जीभ. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, लोण्यासारखी मऊ होती. तेव्हा हा गुण माझ्याकडून गेला असणार, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

कात्रीचं पार्लर रस्त्याला लागून आहे. पुढे खुर्च्या आणि भिंतभर आरसा, मागे एक खोली. त्या मागच्या खोलीत तिने लढाऊ रोबो बनवला. ज्यांना माहीत नाही त्यांनी डोळ्यांपुढे पत्र्याचा माणूस आणू नये. चाकं लावलेली एक चपटी पेटी, आत मोटरी आणि बॅटरी, आपल्या हातात रिमोट, एवढंच. जाड पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यात अशा दोन पेट्या सोडतात आणि त्या एकमेकींना धडका देतात, उलथवतात, कापतात. पिंजऱ्यात एका कोपऱ्यात खड्डा असतो. त्यात पडला तो संपला. शहाण्यासुरत्या बाईने यात जीव का घालवावा, असं मला कोणी विचारू नये. शहाणीसुरती माणसं संध्याकाळभर टीव्हीवर लोकांची भांडणं बघत बसतात. त्यापेक्षा हे बरं.

रोबोचं नाव हुज्जत. विकतचं तिच्या अंगावर फारसं काही नाही. मोटरी भंगारवाल्याकडच्या, स्क्रू पिळायच्या जुन्या मशिनींमधून काढलेल्या. अंग म्हणजे भाजी चिरायचे जाड प्लॅस्टिकचे बोर्ड. पत्र्याला पोचा येतो, याला नुसता ओरखडा, असं कात्रीचं म्हणणं. पुढची पाचर पार्लरच्या मोडक्या खुर्चीची, पाय ठेवायची पट्टी कापून घासलेली. पहिल्या लढतीत चाकं जागच्या जागी गरगरत राहिली, तर हिने दारातलं रबरी पायपुसणं कापून चाकांना चिकटवलं. नंतर कधीतरी धडकेनं बॅटरीची वायर तुटली, तर केस कुरळे करायचे स्पंजचे रोलर बॅटरीभोवती ठासून बसवले. वजन हद्दीबाहेर गेलं, तर अंगाला भोकं पाडली. हरून आली की मागच्या खोलीचं दार धाडकन लागायचं, आणि उघडायचं तेव्हा हुज्जतीला काहीतरी नवं फुटलेलं असायचं.

पण हुज्जतीची खरी करामत वेगळी. तिची चाकं अंगापेक्षा उंच आहेत, त्यामुळे पालथी पडली तरी ती पळते. अडचण एवढीच, की पालथी पडल्यावर रिमोटचा दांडा पुढे ढकलला तर ती मागे जाते आणि मागे ओढला तर पुढे. वळणं मात्र तशीच राहतात. भल्याभल्यांची इथे तारांबळ उडते. कात्रीची कधी उडाली नाही. का, ते मला तिच्या आरशापुढे बसल्यावर कळलं. आरशात डावं-उजवं उलटं होतं असं सगळे घोकतात. साफ खोटं! तुमचा उजवा हात आरशातही उजवीकडेच असतो. उलटं होतं ते पुढचं-मागचं. मी पदार्थविज्ञानाची पदवीधर, मला हे पुस्तकातून माहीत. कात्री विशीपासून गिऱ्हाइकाच्या मागे उभी राहून आरशात बघत कात्री चालवते, तिच्या हाताला हे माहीत. हुज्जत पालथी झाली की ही बाई उलट निवांत व्हायची.

आता तिचा भाऊ. धाकटा, फरशांचा व्यापारी, बोलणं गोड. मागची खोली त्यांच्या वडिलांनी दोघांच्या नावे ठेवलेली, आणि याला तिथे फरशांचे नमुने ठेवायचे होते. यानेही एक रोबो घेतला. बनवला नाही, घेतला. बाहेरून मागवलेला, पुढे गरगर फिरणारं पातं, नाव तुफान. एका रविवारी जेवताना म्हणतो, "ताई, तुझी ती कचरापेटी माझ्यासमोर मिनिटभर टिकायची नाही."

"टिकली तर?"

"तर मागच्या खोलीचं नाव काढणार नाही. हरलीस तर खोली माझी."

"लाव पैज!" कात्री म्हणाली. राग डोक्यात गेला की ही मुलगी घर लिहून देईल. मी टेबलाखालून तिला लाथ मारली. ती तिच्या नवऱ्याला लागली.

हा नवरा. मोबाइल दुरुस्त करतो, व्यसन नाही, बायकोला उलटून बोलत नाही. लोक म्हणतात, नशीब काढलं हो पोरीने. मला विचाराल तर असल्या सज्जन माणसाने रागवायचीसुद्धा सोय ठेवलेली नसते.

लढतीला मी गेले होते. हॉलमध्ये जळक्या रबराचा वास, माणसं प्लॅस्टिकच्या भिंतीला नाकं लावून उभी. सुरुवातीला हुज्जतीने तुफानला दोनदा भिंतीपर्यंत रेटलं. मग ते पातं लागलं. खाडकन आवाज झाला आणि हुज्जत कुशीवर लोळून पालथी झाली. तोंड अजून तुफानकडेच, मागे हातभर अंतरावर खड्डा. भाऊ हसला. मीही हसले, कारण आता काय होणार ते मला ठाऊक होतं.

कात्रीने शांतपणे दांडा स्वतःकडे ओढला.

हुज्जत मागे गेली. सरळ, सुसाट, खड्ड्यात.

कात्री हातातल्या रिमोटकडे बघत राहिली. आपलंच बोट आपल्याला चावल्यासारखा चेहरा. तेवढ्यात नवरा गर्दीतून पुढे आला. हातात मोबाइल, शूटिंग चालूच.

"अगं, ओढलास कशाला? पुढे ढकलायचास ना!"

"काय?"

"मी काल सेन्सर बसवला तिच्यात. फोन आडवा केला की चित्र आडवं होतं बघ, त्या जातीचा. आता ती पालथी झाली की दांडा आपोआप सुलटा होतो. तुला सरप्राइज द्यायचं होतं. सोपं करून ठेवलं होतं गं!"

सकाळी हिने हुज्जत चालवून पाहिली होती, पण सरळ. सरळ असताना काही फरक नव्हताच. पालथी पडल्यावर सेन्सरने एकदा उलटवलं, हिच्या हाताने सवयीने पुन्हा उलटवलं, आणि दोघांनी मिळून तिला खड्ड्यात घातलं.

"अवघड आहे असं मी कधी म्हणाले होते?" कात्रीने विचारलं.

"नाही, पण सगळ्यांनाच अवघड जातं..."

"मी सगळे आहे का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जावईबापू," मी म्हटलं, "तुम्ही लोकांचे फोन विचारून उघडता की न विचारता?" तो म्हणाला, "मावशी, मी प्रेमाने केलं हो." प्रेमानेच करतात सगळे! माझ्या सुनेने माझ्या स्वयंपाकघरातल्या बरण्या प्रेमाने उंचीप्रमाणे लावून ठेवल्या होत्या. आठवडाभर मी चहात मीठ घालत होते. सून गुणी आहे, पण तो आठवडा मी विसरलेले नाही. माणसाने स्वतःच्या हाताला लावलेलं वळण तुम्हाला अडचण वाटतं, म्हणून तुम्ही ते दूर करता, आणि वर धन्यवादाची वाट बघत उभे राहता.

पंचांनी निकाल कायम ठेवला. बरोबरच होतं, खड्ड्यात तर ती पडली होतीच. भाऊ जरा वरमला. "ताई, राहू दे गं खोलीचं. मी चेष्टेत म्हटलं होतं."

"मी चेष्टेत नव्हते," कात्री म्हणाली, आणि पर्समधून किल्ली काढून त्याच्या हातावर आपटली. त्यानेही ती खिशात टाकली, हे लक्षात घ्या. नको नको म्हणत.

दुसऱ्या दिवशी खोली रिकामी झाली. नवरा मदतीला धावला तर त्याला म्हणाली, "तुम्ही बसा." पार्लरच्या खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं आणि हातात कात्री दिली.

"मानेवरचे केस कापा. आरशात बघून."

"मी? मला कसं जमेल?"

"सोपं आहे."

बिचाऱ्याची कात्री मागे न्यायची तर पुढे जात होती. कान वाचला तेवढं नशीब. शेवटी एका कानामागे रुपयाएवढं टक्कल पडलं. तो केविलवाणा होऊन म्हणाला, "आता तू जरा सारखं करून दे."

"विचारलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. "नाही करणार."

महिनाभर तो तसाच दुकानात बसला. गिऱ्हाइकं विचारायची. सांगत होता की नाही, कोण जाणे.

मागच्या खोलीत आता फरशा आहेत. हुज्जत पुढे आरशाखाली राहते, उघड्यावर, केसांना रंग लावून बसलेल्या बायकांच्या पायांत. सेन्सर कात्रीने पक्कडीने उपटून काढला. परवा गेले तर ती हुज्जतीला पालथी टाकून, तिच्याकडे पाठ करून, आरशात बघत चालवत होती. बायका पाय वर घेऊन बसल्या होत्या. नवरा दारातून म्हणाला, "बॅटरी चार्जिंगला लावू का?"

"थांबा."

तो थांबला. तेवढी अक्कल आली आहे.

"हे काय नवीन?" मी विचारलं.

"आता कोणीही काहीही सोपं करून ठेवू दे, मावशी. माझा हात चुकणार नाही."

"आणि खोली?"

"घेणार ना परत," मागे न बघता ती म्हणाली. "पण आता पैज लावून नाही. हुज्जत घालून."