उजव्या बाजूचा नट

तिसगावच्या एसटी स्टँडसमोर कानिफनाथचं सायकलचं दुकान होतं. बहात्तरच्या उन्हाळ्यात शेळीला पाला काढायला तो लिंबावर चढला आणि खाली आला तो मांडीचं हाड मोडूनच. नगरला प्लास्टर घातलं, पोळ्यापर्यंत खाट सोडायची नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलं. दुकान बंद ठेवून भागणार नव्हतं. मग त्याची बायको मुक्ताबाई पदर खोचून पाना हातात घेऊन बसली.

काम तिला नवं नव्हतं. लग्न होऊन आली तशी ती कानिफच्या हाताखाली राबत होती. पण गिऱ्हाईक यायचं, बाईमाणूस बघून थबकायचं आणि "कानिफ उठला की येतो" म्हणून सायकल तशीच ढकलत न्यायचं. एकाने पंक्चर काढून घेतलं आणि पुन्हा स्वतः ट्यूब घमेल्यातल्या गढूळ पाण्यात बुडवून बघितली, बुडबुडे येतात का म्हणून. मुक्ताबाईने त्याला बघू दिलं. खरी गोष्ट अशी की तिचाही स्वतःवर पुरता भरवसा नव्हता. दुरुस्त केलेली सायकल निघाली की ती वळणाआड होईपर्यंत हिची नजर चाकावरून हलायची नाही.

शाळेतले क्लार्क रविकांत भाऊसाहेब दर रविवारी सायकलवरून मेहेकरीला जायचे. त्यांची आई तिथं एकटी होती. वाटेत करंजीचा घाट. जाताना सायकल ढकलत चढायची, संध्याकाळी येताना उतारावर सोडून द्यायची. त्या रविवारी सकाळी ते दुकानात आले. पुढचं चाक कुरकुरत होतं.

"कानिफनाथ नाहीच का उठला अजून?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. मी करून देते."

भाऊसाहेब घुटमळले. पण एसटीत पाय ठेवायला जागा नसायची, म्हणून बाकावर टेकले. मुक्ताबाईने चाक काढलं, आतले झिजलेले छर्रे बदलले, वंगण घातलं, चाक परत बसवलं. डावीकडचा नट आवळला. तेवढ्यात एकजण हवा भरायला आला. पंप सापडेना, म्हणून ती उठली. परत आली तर भाऊसाहेब सायकल धरून उभे होते. त्यांना उशीर होत होता. ते गेले.

दुसरी सायकल उलटी करताना ती मध्येच थांबली. उजवीकडचा नट आवळला का? हात आठवेना, पाना आठवेना. पंप तेवढा आठवत होता.

ती आत गेली. "आवं, भाऊसायबाच्या चाकाचा एक नट राहिला वाटतं."

कानिफ खाटेवरून म्हणाला, "आवळला असशील."

"असशील म्हंजी काय? घाट हाय त्यो."

"मग आता काय करणार? त्यो गेला की."

कानिफने कूस बदलायचा प्रयत्न केला आणि कण्हला. मुक्ताबाई बाहेर येऊन बसली, पण हात चालेनात. मनात तीच ती उतरण, तेच चाक, आणि मेहेकरीत वाट बघणारी म्हातारी. दुपारी तिने दुकानाच्या फळ्या लावल्या, पाना पदरात गुंडाळला आणि नगरकडे जाणाऱ्या एसटीत शिरली. सायकली दुरुस्त करणाऱ्या त्या बाईला सायकल चालवता येत नव्हती.

घाटाच्या पायथ्याला ती उतरली. रस्त्याकडेला दुष्काळी कामावरच्या बाया खडी फोडत होत्या. त्यातल्या गोजरबाई नावाच्या एकीला तिने विचारलं, "टोपीवाला, चष्मेवाला सायकलवाला खाली आला का?"

"सकाळी वर गेला. खाली न्हाई आला. का गं, कोन लागतो तुजा?"

"गिऱ्हाईक हाय," मुक्ताबाई म्हणाली.

गोजरबाईने तिच्याकडे जरा रोखून बघितलं आणि पुन्हा हातोडा उचलला.

ऊन कलायला लागलं. वळणावरून एक सायकल सुसाट खाली आली आणि मुक्ताबाईने डोळे मिटले. तो दुसराच कुणीतरी निघाला. वरून ट्रक आला. ड्रायव्हरने थांबून काही सांगितलं तर, या भीतीने ती रस्त्यापासून मागे सरली. तो थांबला नाही.

मग वळणावर भाऊसाहेब दिसले. चालत. सायकल हाताने धरून, ब्रेक दाबत, सावकाश उतरत होते. ती धावत पुढं गेली.

"पडला का वो कुठं?"

"नाही. तुम्ही इथं कशा?"

तिने खाली बसून उजवीकडच्या नटाला हात लावला. पाना लागलाच नाही, तो नुसत्या बोटांनी फिरला. तिचा हात तिथंच थांबला.

"ढिला हाय," ती म्हणाली. "माझ्याकडूनच आवळायचा राहिला. ह्याच्यासाठी आले."

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. मग तो पुसत म्हणाले, "खरं सांगू का, बाईच्या हातचं काम म्हणून मी घाटात बसलोच नाही. ढकलतच आणली. तुम्हाला सांगणार नव्हतो."

"बरं केलंत," मुक्ताबाई म्हणाली. तिला राग यायला हवा होता, पण तो आलाच नाही. तिने नट आवळला, पाना त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "आता तुमी बघा."

भाऊसाहेबांनी जोर लावून बघितलं. नट हलला नाही. ते सायकलवर बसून गेले आणि ती एसटीची वाट बघत राहिली.

ते गावात काय सांगतील, या धास्तीत तिने पुढचे दिवस काढले. स्टँडवर दोघेजण हसले तरी तिला वाटायचं, आपल्यालाच हसतात. पण कुणी काही बोललं नाही. तिने मात्र एक रीत धरली. काम झालं की पाना गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा आणि सगळे नट त्यालाच तपासायला लावायचे. कानिफ चिडला. "असं कुटं दुकान चालतं व्हय?" काही गिऱ्हाइकंही कुरकुरली, पण बरीच टिकली.

पोळ्यानंतर कानिफ काठी टेकत दुकानात यायला लागला. तरी खाली बसून करायचं काम मुक्ताबाईकडेच राहिलं. भाऊसाहेब यायचे, काही न बोलता पाना मागून घ्यायचे. ते घाटाकडे निघाले की संध्याकाळी परत दिसेपर्यंत तिचं लक्ष रस्त्याकडे असायचं. ती सवय तिची शेवटपर्यंत सुटली नाही.